रानातील वांग्याची भावंडे

आश्विन-कार्तिकात भालकी-आळंद भागातील तुरीच्या शेतांमधून शाळेला येताना बांधावर दोन लहान फळे तुमच्या दृष्टीस पडत असतील. एक, कागदासारख्या आवरणात दडलेली पिवळी रानपोपटी. दुसरे, वाटाण्याएवढ्या काळ्याभोर मण्यांची कामोणी. घरातील आजी म्हणते, "खा, गोड आहे." शेजारचे काका म्हणतात, "शिवू नकोस, विषारी आहे." मग खरे कोणाचे?

खरे दोघांचेही. वांगे, टोमॅटो, मिरची व बटाटा ज्या कुळातील, त्याच कुळातील ही फळे आहेत. आणि प्राणघातक धोत्राही त्याच घराण्यातला!

प्रथम गुण पाहू. रानपोपटीची थोरली बहीण रसभरी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची. १०० ग्रॅम रसभरीत सुमारे ११ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते; टोमॅटोत ते सुमारे १४ मिलिग्रॅम असते. प्रथिने मात्र रसभरीत टोमॅटोच्या दुपटीने, म्हणजे सुमारे २ ग्रॅम आढळतात. शिवाय तिच्या पिवळ्या रंगद्रव्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. कामोणीला संस्कृतात काकमाची व कन्नडात गणिके म्हणतात. जांभळाला रंग देणारे अँथोसायनिन तिच्या पिकल्या फळातही असते. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी दक्षिणेत आवडीने खातात; तीत लोह व चुना ही द्रव्ये असतात.

आता दोष. कामोणीच्या हिरव्या फळात सोलॅनिन नावाचे विष असते. हिरव्या पडलेल्या बटाट्यातही तेच असते आणि शिजविल्याने ते पुरते जात नाही. त्याने पोटदुखी व वांत्या होतात. रानपोपटीचेही कच्चे फळ वर्ज्यच समजावे. आवरण वाळून फळ आपोआप गळले, की ते पिकले. आस्कंदालाही असेच आवरण असते. पण त्यातील फळ लालभडक असते, ते खाऊ नये. काटेरी भुईरिंगणीचे पिवळे फळ उघडेच असते; तेही तोंडात घालू नये.

म्हणून जाणत्या माणसाने झाड दाखविल्यावाचून फळ खाऊ नये, हिरवे तोडू नये आणि औषध फवारलेल्या शेतातले तर मुळीच घेऊ नये. आजीचे ज्ञान व काकांची सावधगिरी ही दोन्ही ज्याच्यापाशी आहेत, त्यालाच रानाचा हा मेवा लाभतो.