रक्तदाबाचे संप्रेरक आणि करोनाचे दार

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांच्या औषधांच्या डब्यात यांतील एखादे नाव असेल. २०२० च्या मार्चमध्ये या गोळ्यांविषयी एक शंका जगभर पसरली : त्या घेणाऱ्यास करोना अधिक सहज गाठतो. ही शंका कोठून उद्भवली आणि तिची पारख कशी झाली, ते आम्ही येथे मांडत आहोत.

१८९८ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला. त्यांचा रक्तदाब वाढला. अर्कातील त्या द्रव्यास त्यांनी रेनिन म्हटले. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. त्याच्या क्रियेतून अँजिओटेन्सिन हे संप्रेरक निर्माण होते, हे कळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. ब्युनोस आयर्स व इंडियानापोलिस येथील संशोधकांनी ते स्वतंत्रपणे शोधले, दोन वेगळी नावे दिली आणि १९५८ साली दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे भाग जोडून समेट झाला!

यातील प्रभावी रूप म्हणजे अँजिओटेन्सिन-२, आठ अमिनो आम्लांची चिमुकली माळ. ती रक्तवाहिन्या आकुंचित करते, मीठ व पाणी शरीरात धरून ठेवते. रक्तस्राव झाला असता प्राण राखणारी हीच यंत्रणा अतिरेकी झाली की हृदयास व मूत्रपिंडास इजा करते. २००० साली पेशींच्या आवरणावरील एसीई-२ या विकराचा शोध लागला. ते या माळेचा शेवटचा मणी तोडते. उरलेली सात मण्यांची माळ नेमके उलट कार्य करते : वाहिन्या सैल करते, दाह शमविते.

२००३ साली असे आढळले की सार्सचा विषाणू पेशीत शिरताना याच एसीई-२ ला चिकटतो. नव्या करोनाचे दारही तेच निघाले. वरील गोळ्यांनी एसीई-२ वाढते, असे प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले होते. त्यावरून तर्क निघाला की गोळीमुळे दारे वाढतात आणि विषाणूचे फावते. परंतु विरुद्ध तर्कही तितकाच सरळ होता. विषाणूमुळे एसीई-२ घटते, अँजिओटेन्सिन-२ साचते, फुप्फुसांची हानी होते. मग त्यास आवर घालणारी गोळी उपकारकच ठरावी. २००५ मधील उंदरांवरील प्रयोग या बाजूचे होते.

निवाडा ब्राझीलमध्ये झाला. तेथील २९ रुग्णालयांत दाखल झालेल्या, आधीपासून या गोळ्या घेणाऱ्या ६५९ सौम्य व मध्यम करोनाबाधितांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाची गोळी तीस दिवस थांबविली, दुसऱ्याची चालू ठेवली. त्या तीस दिवसांत जिवंत व रुग्णालयाबाहेर असण्याचे दिवस थांबविणाऱ्यांत सरासरी २१.९, चालू ठेवणाऱ्यांत २२.९ भरले, म्हणण्याजोगा फरक नाही. गोळीने अपाय झाला नाही, चमत्कारही नाही. आम्हांस हा निष्कर्ष दोन्ही डौलदार तर्कांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्या दिवसांत भीतीपोटी सोडलेली गोळी ज्यांनी अद्याप पुन्हा सुरू केलेली नाही, त्यांनी लवकरात लवकर रक्तदाब मोजून घ्यावा व डॉक्टरांस भेटावे.