वाकड्या चोचीचं पिल्लू

कोंबडीचं पिल्लू 21व्या दिवशी अंड्यातून बाहेर येतं, तेव्हा त्याच्या चोचीत बहुधा काही खोट दिसत नाही. ती दिसू लागते नंतर, कधी आठवड्याने, कधी महिन्याने. वरची चोच एका बाजूला सरकते, खालची दुसऱ्या बाजूला, आणि उघड्या कात्रीसारखी फुली तयार होते.

कारणं अनेक. काही वाणांत हा दोष वारशाने येतो. म्हणून अशा कोंबडीची अंडी पुढे उबवायला ठेवू नयेत. अंडी उबवताना उष्णता कमीजास्त होणं, आहारातली उणीव, लहानपणीची इजा, यांनीही चोच वाकते. माणसाच्या मुलाचा ओठ फाटका निघाला की लोक ग्रहणाला दोष देतात, इथे खुडूक कोंबडीला देतात. दोघंही बिचारे निर्दोष.

यंदा आमच्या खुराड्यात असं एक पिल्लू निघालं. शेजारचा मुलगा म्हणाला, ''चाचा, हे काही जगायचं नाही. नाद सोडा.'' पण पिल्लू आजारी नव्हतं, उपाशी होतं. कोंबडी दाणा उचलते ती चोचीच्या टोकांच्या चिमटीने. टोकंच जुळत नसतील तर दाणा निसटतो. गंमत अशी, की असं पिल्लू भावंडांबरोबर दिवसभर टोचत असतं, त्यामुळे ते खातंय असंच आपल्याला वाटतं. खरी परीक्षा संध्याकाळी करावी. गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटाने चाचपून पाहावी. इतरांची टम्म असते, याची रिकामी.

म्हणून चोच बदलण्याआधी भांडं बदलायचं. पसरलेले दाणे याच्या कामाचे नाहीत. भरडा पाण्यात कालवून पातळसर करावा आणि खोल वाटीत द्यावा, म्हणजे टोचण्याऐवजी ओरपता येतो. वाटी पिल्लाच्या पाठीइतक्या उंचीवर हवी. आमची एका विटेवर आहे. पाणी चोच बुडेल इतकं खोल हवं, पिल्लू बुडेल इतकं नको! आणि जेवण वेगळं, आडोशाला. पंगतीत धटिंगण भावंडं याच्या वाट्याला काही ठेवत नाहीत. उरलेला ओला भरडा लगेच काढून टाकावा, तो लवकर आंबतो.

चोच नखासारखी वाढत राहते. वर-खाली घासून ती झिजते, पण वाकडी चोच घासलीच जात नाही. तेव्हा थोड्या थोड्या आठवड्यांनी नखाच्या कानशीने वाढलेलं टोक घासावं. आत रक्तवाहिनी असते, ती उजेडासमोर धरल्यावर दिसते. तिच्या अलीकडेच थांबायचं. पहिल्या वेळी पशुवैद्याकडून शिकून घेतलेलं बरं. हाताने दाबून चोच सरळ करायला जाऊ नये. या चोचीने पिसंही साफ करता येत नाहीत, म्हणून पंखांखाली उवा झाल्यात का तेही पाहावं लागतं.

हिमालयात क्रॉसबिल नावाचा पक्षी आहे. त्याची चोच अशीच फुली मारलेली असते आणि तिनेच तो शंकूंच्या फटीतलं बी काढतो. इथे कवीला उपमेचा मोह होतो. तो आवरतो, कारण आमच्या पिल्लासमोर शंकू नाहीत, भरडा आहे.

सगळीच वाचत नाहीत. ओलं अन्नही गिळता येत नसेल आणि वजन घटतच असेल, तर त्याला वेदनेत ताटकळत ठेवू नये, पशुवैद्याचा सल्ला मानावा. म्हणून वजन करत राहणं महत्त्वाचं. मी दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतो. गेल्या खेपेला साडेतीनशे ग्रॅम भरलं.