माकडताप : रानांतील एका रोगाचा प्रवास



काजूचा हंगाम आला कीं आमच्या दक्षिण कोंकणांत माणसें भल्या पहाटे बागांत शिरतात. अशाच एका हंगामांत माझा एक जुना विद्यार्थी तापानें अंथरुणास खिळला. साधा हिंवताप असेल असें समजून घरच्यांनीं चार दिवस काढे पाजले. पुढें रक्त तपासलें तेव्हां तो माकडताप असल्याचें कळलें. सुदैवानें मुलगा वांचला. पण ते चार दिवस व्यर्थ गेले याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून आज याच रोगाविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

इ. स. १९५७ सालीं म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या अरण्यांत, माकडें पटापट मरूं लागलीं आणि आसपासचीं माणसेंही तापानें फणफणलीं. हा पीतज्वर तर नव्हे, अशी प्रथम शंका आली. परंतु पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं हा विषाणु निराळाच असल्याचें दाखवून दिलें. रशियांत गोचिडींपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशीं त्याचें जवळचें नातें आहे.

रोगाला नांव माकडाचें मिळालें. खरी वाहक मात्र गोचीड. रोगानें माकड मेलें म्हणजे त्याच्या अंगावरील गोचिडी खालीं पाचोळ्यांत उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. डिसेंबरपासून मेपर्यंत अर्धवट वाढलेल्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या गोचिडी माणसाला चावतात. रानांत चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसतात व त्यांची संख्या वाढते. माणसापासून माणसाला मात्र हा रोग होत नाहीं. तेव्हां रोग्यास वाळींत टाकणें हा निव्वळ अन्याय होय.

अनेक वर्षें हा रोग शिमोग्याच्या परिसरांतच होता. पुढें २०१२ सालीं तो बंदीपूरच्या अरण्यांत व निलगिरींत, २०१३ सालीं केरळांतील वायनाडांत, २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत आणि २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्गांत आढळला. असें कां व्हावें? सह्याद्रीच्या रानांत ही गोचीड आहेच. त्यांत रान तोडून बागा झाल्या, माणसें व गुरें आंत शिरलीं. शिवाय तपासणी सुधारल्यामुळें, पूर्वीं निनांवी राहिलेला ताप आतां ओळखूं येतो हेंही विसरतां कामा नये.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकीं थंडी वाजून ताप भरतो. डोकें व अंग असह्य दुखतें. कांहींना रक्तस्राव होतो. शंभरांतील तीन ते पांच रोगी दगावतात. विषाणूवर खास औषध नाहीं, आणि पूर्वींची लस पुरेशी गुणकारी न ठरल्यामुळें मागें पडली. म्हणून खबरदारी हेंच औषध. रानांत जातांना अंगभर कपडे घालावे, गोचीड दूर ठेवणारें तेल लावावें, परतल्यावर ऊन पाण्यानें स्नान करून कपडे उकळावे. मेलेल्या माकडास हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें. आणि ताप आल्यास आपण रानांत गेलों होतों, हें डॉक्टरांस न विचारतां सांगावें. त्या एका वाक्यानें चार दिवस वांचतात. कधीं कधीं माणूसही वांचतो.