खेकड्याचे बालपण : खारे पाणी आणि गोडे पाणी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि समुद्रातील खेकड्यांच्या संततीशी या जिल्ह्याच्या पर्जन्याचा निकटचा संबंध आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांत उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वाहत जाते, तर त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेकडे वळून पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळते. एका नदीच्या काठी गोड्या पाण्यातील खेकडा वाढतो, तर दुसरीच्या मुखाशी खाडीतील चिंबोरी. या दोहोंचे बालपण मात्र अगदी भिन्न प्रकारचे असते.

खाडीतील चिंबोरी

खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या चिंबोरीची मादी अंडी उबविण्यासाठी खाडी सोडून खुल्या समुद्राकडे जाते. तिच्या पोटाखालील पाळीस चिकटलेल्या अंड्यांची संख्या १० लाखांहूनही अधिक असू शकते. अंड्यांतून जो जीव बाहेर पडतो, त्याचे खेकड्याशी काहीच साम्य नसते. मोठे डोळे व काट्यासारखा सोंडा असलेल्या या तरंगत्या सूक्ष्म जीवास शास्त्रज्ञ डिंभ म्हणतात. ‘झोइया’ या अवस्थेत तो पाच टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यास कात टाकतो. त्यानंतर ‘मेगॅलोपा’ ही अवस्था येते व अखेरीस चिमुकला खेकडा तयार होतो. या सर्व प्रवासास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात.

या काळात डिंभाचे जीवित तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट पाण्याचा खारटपणा. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. झोइयास २५ ते ३५ भाग क्षार मानवतात. पाणी फार गोडे झाल्यास ते त्याच्या शरीरात शिरू लागते आणि शरीरातील क्षारांचा समतोल बिघडून तो मरतो. पावसाळ्यात सह्याद्रीवरील पाणी खाडीत उतरले म्हणजे तेथील खारटपणा झपाट्याने घटतो. मादी समुद्राकडे का जाते, याचे कारण येथेच सापडते. मेगॅलोपा मात्र कमी खारटपणा सहन करू शकतो आणि त्याच सुमारास तो भरतीबरोबर खाडीकडे परततो.

दुसरी गोष्ट तापमान. सुमारे २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात वाढ चांगली होते. पाणी थंड असल्यास वाढ लांबते व शत्रूंच्या तावडीत सापडण्याचा काळही वाढतो. पाणी अति तापल्यास कात टाकतानाच डिंभ दगावतात. तिसरी गोष्ट अन्न. पहिल्या काही दिवसांत योग्य आकाराचे सूक्ष्म प्राणी मिळाले नाहीत, तर अनुकूल पाणी असूनही उपासमार होते. तामिळनाडूत शिरकाळीनजीकच्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राच्या बीजोत्पादन केंद्रात या तिन्ही बाबी काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात. तरीही अशा केंद्रांतून लाखो डिंभांपैकी थोडेच खेकड्याच्या रूपापर्यंत पोहोचतात.

परतलेल्या पिल्लांना आसरा देते ती खारफुटी. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. खारफुटी तुटल्यास समुद्रातून वाचून आलेल्या पिल्लांनाही ठाव उरत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

डोंगरातील खेकडा

नाशिकच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत ओढे, भातखाचरे आणि दगडांच्या कपारी येथे गोड्या पाण्यातील खेकडा आढळतो. दख्खनमधील अशाच एका जातीचे शास्त्रीय वर्णन १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबांच्या आहारात या खेकड्यास महत्त्वाचे स्थान असते.

या खेकड्याच्या जीवनात तरंगती डिंभावस्था नाहीच. अंडी संख्येने थोडी पण आकाराने मोठी असतात. झोइया व मेगॅलोपा या अवस्था अंड्याच्या कवचातच पार पडतात आणि बाहेर येतो तो लहानसा खेकडाच. ही पिल्ले काही काळ मातेच्या पोटाच्या पाळीखाली राहतात व सामान्यतः पावसाच्या प्रारंभी ओढ्यात उतरतात. ओढ्यांच्या वेगवान प्रवाहात तरंगता डिंभ वाहून गेला असता. निसर्गाने ही आपत्ती अशा रीतीने टाळली आहे.

परंतु या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. चिंबोरीचे डिंभ प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. त्यामुळे एका खाडीत हानी झाली, तरी अन्य ठिकाणची संतती तेथे पोहोचू शकते. डोंगरातील खेकडा फार दूर जाऊ शकत नाही. एखाद्या ओढ्यातील खेकडे नाहीसे झाले, तर बाहेरून येऊन ती उणीव भरून काढणारे कोणी नसते. कीटकनाशके, सांडपाणी, गाळ आणि मासे मारण्यासाठी पाण्यात कालविलेले विष यांचा फटका नुकत्याच कात टाकलेल्या, मऊ कवचाच्या पिल्लांना सर्वांत आधी बसतो.

ग्रामपंचायतीचे कार्य

यावरील उपाय खर्चिक नाहीत. फवारणीचे पंप ओढ्यात धुऊ नयेत. विष घालून मासेमारी करण्यास गावाने मनाई करावी. काठावरील झाडोरा राखावा. खेकडा उलटा करून पाहिल्यास रुंद पाळी मादीची व अरुंद पाळी नराची, हे शाळेतील मुलेही ओळखू शकतात. अंडी अथवा पिल्ले बाळगणारी मादी पकडली गेल्यास ती पुन्हा पाण्यात सोडण्याचा संकेत गावाने ठरवावा. पहिल्या पावसात अशी एक मादी सोडणे म्हणजे पुढील हंगामाचे बियाणे राखणेच होय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायतींत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात व लोकजैवविविधता नोंदवही ठेवली जाते. कोणत्या ओढ्यात खेकडे आढळतात, पिल्ले केव्हा दिसतात आणि कोठे ती दिसेनाशी झाली, याची नोंद शिक्षक व ज्येष्ठ ग्रामस्थ यांच्या साहाय्याने या नोंदवहीत प्रतिवर्षी करता येईल. ओढ्यातील पाण्याची स्थिती कळण्यास अशा नोंदींचा मोठा उपयोग होईल. कारण ज्या पाण्यात खेकड्याची पिल्ले जगत नाहीत, त्या पाण्याबाबत गावानेही सावध होणे इष्ट ठरते.