सावलीतील वाफ्यांना सशांपासून संरक्षण : रोपांची निवड महत्त्वाची

शहरांच्या सीमेवर आणि माळरानालगत वसलेल्या वस्त्यांमध्ये बागेतील कोवळी रोपे रातोरात कुरतडली जाण्यामागे अनेकदा भारतीय ससा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा प्राणी संरक्षित असून त्याला मारणे अथवा फासे लावून पकडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे त्याला न रुचणाऱ्या वनस्पती लावणे हा बागमालकांपुढील सुरक्षित पर्याय ठरतो.

नुकसान कोणी केले, हे प्रथम ओळखावे लागते. सशाच्या तीक्ष्ण दातांनी कोंब चाकूने कापल्याप्रमाणे तिरका व स्वच्छ छाटला जातो. गोगलगाय पानांना भोके पाडते, तर शेळी पाला ओरबाडून खाते.

सावलीतील वाफ्यांना हे नुकसान अधिक जाचते. अपुऱ्या प्रकाशात रोपांचे अन्न कमी तयार होते आणि गमावलेली पाने पुन्हा फुटण्यास वेळ लागतो. त्यातच उन्हाळ्यात भोवतालचे गवत वाळते आणि पाणी दिलेला वाफा तेवढा हिरवा राहतो.

ससा साधारणतः उग्र गंधाची, चिवट अथवा तोंडाला खाज आणणारी पाने टाळतो. हळद आणि आले यांची पाने गंधयुक्त असून दोन्ही पिके अर्धवट सावलीत वाढतात. नारळ-सुपारीच्या बागांत ती आंतरपीक म्हणून घेतली जातात. पानओवा मंद उन्हात तग धरतो, तर ओलसर सावलीत नेचे उपयुक्त ठरतात.

अळू, मनी प्लांट आणि डायफेनबाकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळूची भाजी नीट न शिजल्यास घसा खवखवतो, तो यामुळेच. मात्र जे सशाला रोखते, ते बालकांनाही अपायकारक ठरू शकते. डायफेनबाकियाचे पान चावल्यास जीभ व तोंड सुजते. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरांत अशा रोपांऐवजी हळद, आले यांना प्राधान्य देणे हिताचे.

कोणतीही वनस्पती सशापासून पूर्णतः सुरक्षित नसते. चाऱ्याची टंचाई असल्यास तो नावडती पानेही खातो आणि नव्या लागवडीचे कोवळे कोंब चाखून पाहतो. म्हणून रोपे जून होईपर्यंत त्यांच्याभोवती तारेची जाळी लावावी. जाळीची छिद्रे अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत आणि तिची खालची कड जमिनीत घट्ट रोवलेली असावी. सशाला आवडणारी कोवळ्या पानांची रोपे वाफ्यात लावण्याऐवजी टांगत्या कुंड्यांत लावल्यास तीही वाचू शकतात.