जे गुन्हे पकडलेच जात नाहीत, ते मोजायचे कसे?

लोकलमधून विनातिकीट जाणाऱ्यांपैकी टीसीच्या हाती लागतात ते थोडेच. दंडाच्या पावत्या मोजून फुकटे प्रवासी किती, हे कळणार नाही. फार तर त्या दिवशी टीसी कुठल्या स्टेशनवर उभे होते, ते कळेल. पोलिसांच्या आकडेवारीचंही बरंचसं असंच असतं.

म्हणून गुन्ह्यांचे अभ्यासक थेट लोकांनाच विचारतात, 'गेल्या वर्षभरात यापैकी काय काय केलंत?' नाव उघड होणार नाही, अशी हमी दिलेली असते. १९४७ साली न्यूयॉर्कमधली अशी एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे १,७०० सामान्य प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी कायद्याने गुन्हा ठरेल असं काहीतरी केल्याचं कबूल केलं होतं!

याचा खरा उपयोग कळतो तो अमेरिकेतल्या गांजाच्या प्रकरणात. तिथे २०१० मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याचं प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये जवळपास चौपट होतं. नुसत्या अटका पाहिल्या, तर कृष्णवर्णीय गांजा जास्त ओढतात, असंच कुणालाही वाटेल. पण सर्वेक्षणात दोन्ही गटांनी सांगितलेलं गांजा ओढण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. म्हणजे फरक होता तो मुख्यतः पोलीस कुणाला अडवतात, यात.

पण लोक खरं सांगतात का?

इथेच मोठी अडचण आहे. १९८१ साली हिंडेलांग, हिर्शी आणि वाइस या अमेरिकी अभ्यासकांनी सिएटलमधल्या मुलांची उत्तरं पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिली. नोंद झालेले गुन्हेसुद्धा काही मुलांनी सांगितले नव्हते आणि हे प्रमाण कृष्णवर्णीय मुलांमध्ये जास्त होतं. म्हणजे वरच्या तुलनेलाच धक्का. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असा फरक दिसला नाही, आणि चौपट तफावत निव्वळ लपवाछपवीतून आली असेल, असं मानणंही अवघड आहे. तरी शंका उरतेच.

विचारण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलतं. १९९८ च्या एका प्रयोगात काही किशोरवयीन मुलांना कागदी प्रश्नावली दिली, तर काहींना हेडफोनवर प्रश्न ऐकवून कॉम्प्युटरवर उत्तरं द्यायला सांगितलं. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलांनी हिंसा आणि अमली पदार्थांबद्दल जास्त कबुली दिली.

शिवाय काय विचारलं, हेही पाहावं लागतं. १९५० च्या दशकातल्या एका गाजलेल्या प्रश्नावलीत चोरीच्या जोडीला शाळा बुडवणं आणि आईवडिलांचं न ऐकणं हेही होतं. त्या हिशेबाने कुठलं घर सुटेल?

उलट खून किंवा दरोड्यासारख्या गुन्ह्यांसाठी ही पद्धत फारशी कामाची नाही. असे गुन्हे करणारे मुळात कमी असतात आणि प्रश्नावलीवर तशी खूण करणारे त्याहून कमी. अमेरिकेचं अमली पदार्थांबाबतचं राष्ट्रीय सर्वेक्षण तर तुरुंगातल्या कैद्यांपर्यंत किंवा निवारागृहाबाहेर, रस्त्यावर राहणाऱ्या बेघरांपर्यंत जातच नाही.