आठ जणांची मंडळी

मुंबईतील मराठी प्रेस्बिटेरियन मंडळीची सुरुवात 1831 सालची, आणि सभासद अवघे आठ. ती स्थापणारे डॉ. जॉन विल्सन (विल्सन कॉलेजातले तेच) 1829 मध्ये स्कॉटलंडहून आले आणि आधी कोकणात राहून मराठी शिकले. प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात.

1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर ढवळून निघाले. त्यांपैकी धनजीभाई नौरोजी पुढे पाळक झाले. खरी खळबळ मात्र 1843 ची. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला. तो अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्याला पुन्हा जातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आपल्याकडे ‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्री आठवतात, हे प्रकरण सहसा नाही. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले.

1843 मध्येच स्कॉटलंडमध्ये चर्च फुटले. विल्सन ‘फ्री चर्च’कडे गेले, म्हणजे तिकडच्या भांडणात मुंबईचीही वाटणी झाली! गिरगावातील आंब्रोली चर्च ही याच परंपरेची खूण. 1970 मध्ये नागपुरात प्रेस्बिटेरियनांसह उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. त्यात बिशप आहेत.